दाराखालची भोकं

आमच्याकडे धानाची ढोली लिंपायचं काम बायकांचं. बांबूच्या तट्ट्याची उंच ढोली, तिला आतून-बाहेरून शेणमातीचा हात. लिंपून झालं की माझी आई आत दिवा ठेवायची आणि बाहेरून बघायची. कुठून उजेड दिसला की माझं बोट धरून तिथे टेकवायची. 'मुंगीले बी वाट ठेवू नोको,' म्हणायची. लग्न होऊन नागभीडला आले तेव्हा माहेरून भांडी कमी आणि ही विद्याच जास्त आणली होती. या विद्येनेच माझा घात केला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. घात माझ्या तोंडाने केला, बंद राहून.

माझे हे डेंटर होते, गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे. सिंदेवाहीच्या रस्त्याला टिनाचं शेड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली हातोड्या. ऐंशी साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत होते. ते सुट्टीला घरी आले की रात्रंदिवस खोकत. ते ऐकून यांनी ठरवून टाकलेलं. मला बघायला आले तेव्हा पोह्याची बशी खाली ठेवून म्हणाले, 'मी जमिनीच्या खाली जाणार नाई. वरच पत्रा ठोकीन, त्यात भागलं तर भागलं.' मला हे बोलणं फार आवडलं होतं. तेव्हा शेड चालणं म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हतं. शेड बंद पडलं की खाण, एवढा साधा हिशोब होता.

ट्रॅक्टरचे मडगार्ड, बांबू वाहणाऱ्या ट्रकांचे फाळके, असं काम यायचं. मग एक दिवस राइस मिलचे शेठ स्वतः आले. त्यांच्या वडिलांची एक जुनी विलायती गाडी मिलच्या आवारात चिंचेखाली पडून होती. कोंड्याने भरलेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. म्हाताऱ्या शेठजींना मरायच्या आधी एकदा तिच्यात बसून बहिणीकडे ब्रह्मपुरीला जायचं होतं. इंजिन नागपूरच्या मिस्त्रीने जमवलं, पण पत्र्याला आणि पट्ट्यांना हात लावायला कोणी तयार नव्हतं. एकेकाळी ज्या घराच्या ओट्यावर माझ्या सासऱ्यांना चढू दिलं नव्हतं, त्या घरची गाडी आमच्या शेडात आली. दोन दिवस हे तिच्याभोवती नुसते फिरत होते.

'हे जमलं ना,' मला म्हणाले, 'तर नागपूरवाले इथी येतीन.'

त्या गाडीच्या अंगावर चकाकत्या पट्ट्या होत्या. दोन्ही बाजूंना लांबच लांब, खिडक्यांभोवती बारीक, आणि काचांना रबर. रंग द्यायचा तर त्या सगळ्या आधी काढाव्या लागतात. लोखंडी पेचकस घातला तर पट्टी ओरखडते, म्हणून यांनी बांबूच्या कामट्या तासल्या. पट्टीच्या कडेला टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल सोडायचं, थोडं थांबायचं, मग कामटी सरकवायची. आतली एकेक क्लिप सुटत जाते. पण लांब पट्टीचं एक टोक सुटलं आणि दुसरं लोंबलं, की ती मधेच मुडपते, आणि एकदा मुडपलेली पट्टी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. तो माणूस मी.

पहिली पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली मूळचा हिरवा रंग कालच दिल्यासारखा ताजा होता. हे हसले. गावातल्या बायका मला 'डेंटरीणबाई' म्हणून चिडवायच्या, आणि मला ते चिडवणं मनातून गोड लागायचं. आमचं लग्न खरं तर त्या गाडीच्या दोन टोकांना झालं असं मला वाटतं. हे त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधे पट्टी.

रंग झाला. पट्ट्यांना नागपूरहून नवी चकाकी देऊन आणायची होती. निघताना यांनी काळ्या सीलरचा डबा माझ्या हाती दिला. क्लिपांची भोकं दारातून आरपार असतात, त्यातून पाणी शिरतं, म्हणून प्रत्येक भोकाच्या कडेला सीलर लावून ठेवायचं. 'एक बी सोडू नोको,' म्हणाले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

मी एकही सोडलं नाही. डब्यात सीलर उरलं. मग खाली वाकून बघते तर प्रत्येक दाराच्या तळाच्या कडेला आणखी भोकं होती, लांबट, तीन-तीन. मला वाटलं, सांगायचं राहिलं असेल. बोटाने सीलर दाबून दाबून मी तीही बुजवली. वरून अंगठा फिरवला, ढोलीवर फिरवते तसा. हे परत आले तेव्हा सांगितलं नाही. यांचं राहून गेलेलं आपण पुरं केलं, ही गोष्ट मनातच ठेवण्यात मला सुख होतं.

ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. खिडकीच्या काचेवरून थोडं पाणी दारात उतरतंच, ते खालून निघून जातं. धानाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या खाचरालाही, पाणी सोडायला वाट ठेवतात. पण बांधीची वाट पुरुष कापतात आणि ढोली बायका लिंपतात. मला माझंच तेवढं ठाऊक होतं.

म्हातारे शेठजी ब्रह्मपुरीला जाऊन आले. यांना त्यांनी पुढच्या सीटवर बसवून नेलं. दोन पावसाळे गेले. म्हातारे शेठजी वारले, गाडी पुन्हा चिंचेखाली उभी राहू लागली. आणि दुसऱ्या दिवाळीनंतर शेठ गाडी घेऊन शेडात आले. दारांच्या तळाशी रंग फुगला होता. यांनी पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं तर ते आत गेलं, आणि गंजाचं तांबडं पाणी यांच्या पायांवर आलं.

मी तेव्हाच चहा घेऊन आले होते. हे गाडीखाली वाकले, बोट घातलं, आणि वाळलेल्या सीलरचा एक तुकडा ओढून काढला. त्यावर अंगठ्याचा ठसा होता, बाजूला बांगडीची रेघ. मला उभ्या जागेवरून दिसत होती.

'हे कोणी बुजवलं?' शेठनी विचारलं.

यांनी तुकडा मुठीत घेतला. 'मीच,' म्हणाले. 'चुकलं माहं.'

'डेंटरले एवढं बी समजू नये का, भाऊ?'

शेठ यापेक्षा जास्त बोलले नाहीत. त्यांच्याबरोबर आलेला एक जण मात्र म्हणाला, की यांच्या बापजाद्यांनी कधी गाडी पाहिली होती काय. ते सगळं यांनी मान खाली घालून ऐकलं. मी चहा दिला. चहा दिला आणि कप गोळा करून घरात गेले. इतकी वर्षं झाली, तरी मला माझ्या हातातला तो ट्रे दिसतो आणि माझाच राग येतो.

यांनी चारही दारं कापून नव्याने केली. मला एक शब्द विचारला नाही. संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपाशी बसायचे, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला वाटायचं रागावलेत. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगणं रोज जड होत गेलं. मग मी शेडात जायचंच टाळू लागले. आज डोकं दुखतं, आज पाहुणे आहेत. यांनी आग्रह केला नाही. सिंदेवाहीच्या एका डॉक्टरांच्या गाडीची लांब पट्टी एकट्याने काढताना ती मुडपली. आधीच गावात बोभाटा झालेला, त्यात ही भर. ट्रॅक्टरवालेसुद्धा दुसरीकडे जाऊ लागले.

पावसाळ्याच्या तोंडाशी भासऱ्यांनी खटपट करून खाणीतल्या कामाची चिठ्ठी पाठवली. यांनी शेडला कुलूप घातलं आणि चंद्रपूरच्या गाडीत बसले. जाताना कामट्यांचा जुडगा माझ्या हाती दिला. म्हणाले, 'चुलीत घाल.'

पुष्कळ वर्षांनी, पण निवृत्तीच्या आधीच, खाणीने यांना परत पाठवलं. खोकला तोच, भासऱ्यांचा. हिवाळ्यातल्या एका दुपारी मी अंगणात ढोली लिंपत होते आणि हे उन्हात बाजेवर पडून माझ्या हाताकडे बघत होते. माझा अंगठा मातीवरून फिरता फिरता थांबला.

'दाराची भोकं मी बुजवली होती,' मी म्हटलं.

'माहीत हाय मले.'

'तवा बोलले काऊन नाई?'

खोकल्याची उबळ जाईपर्यंत ते थांबले. 'शेठपुढं बोल, असं मी नाई म्हणत. घरी तरी सांगशीन, म्हणून वाट पाहून राह्यलो होतो.'

'कवापर्यंत?'

'खाणीची चिठ्ठी आली तवापर्यंत. तू बोलली असती तर फाडून टाकली असती. लंबी पट्टी एकट्याच्यानं निघत नाई.'

'मी होती ना दुसऱ्या टोकाले,' मी म्हटलं.

'होती,' ते म्हणाले. 'पण सोडून देल्लं तू.'