फोटो कुणाचा, ते आधी

साऱ्या नेटनं वाहवा केलेलं चित्र तिनं माझ्याच ओट्यावर बसून, माझ्या डोळ्यांदेखत काढून टाकलं. मी नको म्हणेपर्यंत बोट फिरलंसुद्धा. मिळालेलं कौतुक परत करणारं माणूस मी उभ्या जन्मात हे एकच पाहिलं.

ती माझी भाडेकरू. बजाजनगरातल्या माझ्या घरात वरच्या खोलीत राहायची. दिवसा कंपनीत नोकरी, संध्याकाळी शाळेच्या पाटीएवढ्या कॉम्प्युटरच्या काचेवर पेनानं चित्रं. कुणाचा तरी फोटो समोर ठेवून हात बसवायची, सरावाचं ते चित्र नेटवर टाकायची, आणि मूळ फोटो कुणाचा ते खाली लिहायची. हा रोग चित्रापुरता असता तर चाललं असतं. तिच्या चटणीला कुणी चांगलं म्हटलं, की ही सांगणार, कृती गंगापूरच्या आत्याची, शेंगदाणे मावशींचे, म्हणजे माझे, मी नुसतं कुटलं. एकदा तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं पोह्यांची तारीफ केली, तर ही म्हणाली, "पोहे खालच्या मावशींनी केलेत. मी फक्त बशा आणल्या." पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत. मी चिडले, तर मला म्हणते, "मग काय तुमचे पोहे चोरू?"

गल्लीतल्या बाया तिला खुळी म्हणत. मी म्हटलं नाही. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. दुसऱ्याचं मेंढरू चुकून कळपात आलं तर त्याला पाणी पाजायचं, राखायचं, पण त्याची लोकर कातरायची नाही. आधी कानाची खूण बघायची, मालक शोधायचा. ती पोरगी तेच करत होती.

ते चित्र मोठ्या दुष्काळातल्या एका जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून होतं. भेगाळलेल्या तळ्यातून एक बाई चालली आहे, खांद्यावर कोकरू. लुगडं कोणत्या रंगाचं करू, असं तिनं मला विचारलं होतं. मी पटकन हिरवं म्हटलं. "रंग मावशींनी सांगितला" हेही तिनं खाली लिहिलं. फोटो जिथं सापडला त्या पानाचं नाव टाकलं होतं, पण त्या पानवाल्यानंच कळवलं की फोटो त्याचा नव्हे, त्यानंही कुठून तरी उचललेला. झालं. मालक सापडेपर्यंत चित्र कुणाला दाखवायचं नाही, असं ठरलं. कुणाला म्हणजे मलाही.

चित्र नेटवर होतं तोवर, ती कामावर गेली की मी फोनवर ते बघत बसायची, हे तिला ठाऊक नव्हतं. माझी थोरली बहीण तशीच चालायची, एक खांदा खाली टाकून. तिचा फोटो आमच्याकडं नाही. त्या वेळी फोटो कोण काढणार आमचा?

मग तिनं शोध मांडला. त्या वर्षीही पाऊस नव्हता. नळ कोरडे, टँकरपुढं भांडणं, आणि आम्ही जिथं मेंढरं चारली त्या माळावर इमारती उठत होत्या. सुट्टीच्या दिवशी ही शहरभर जुने फोटोवाले विचारत हिंडायची, मला बरोबर घेऊन. मीही गुडघे दुखतात म्हटलं नाही. शेवटी उस्मानपुऱ्यात एक म्हातारे गृहस्थ सापडले. फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. मग म्हणाले, "बेटी, फोटू मेरा है. पन पानी उसका था. अपनी घागर का पिलाया था उसने मेरेकू. नाम कैसा भूलूंगा?"

त्यांनी नाव सांगितलं. वैजापूरकडची कुणी बाई. माझी बहीण नव्हे.

रिक्षात तिनं विचारलं, "मावशी, मालक सापडला, तर तोंड का उतरलं?" तेव्हा बहिणीचं सांगितलं. वाटलं, म्हणेल, असू द्या, तुमच्या बहिणीचंच समजा. तसलं गोड बोलणं तिला जमत नव्हतं. चित्र तिनं पुन्हा नेटवर टाकलं, दोन्ही नावं लिहून, आणि लुगड्याचा रंग खरा नाही हेही लिहून. मला वाईट वाटलं. चुकलं असं मात्र म्हणता आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पाटी घेऊन खाली आली. म्हणाली, "नाक सांगा."

"माझ्यासारखंच. जरा सरळ."

"हसायची?"

"लई. कारण नसताना."

मी सांगायची, ती काढायची, मी नाही म्हटलं की पुसायची. असं पुष्कळ दिवस चाललं. डोळे काही जमेनात. मग एकदा जमले, आणि मी उठून आत गेले.

आता ती पुण्याला असते. वरच्या खोलीत दुसरे भाडेकरू आहेत, माझी चटणी आपली म्हणून खातात. तिचा फोन येतो, पण फोनवर ओटा येत नाही. बहिणीचं चित्र माझ्या फोनात आहे. हिरवं लुगडं, खांदा खाली. खालची ओळ मी चौथीच्या शिक्षणावर अक्षर लावून वाचते. "फोटो नाही. धाकट्या बहिणीनं सांगितलं तसं."

त्या दुष्काळात खडी फोडायला आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. ती तिथंच तापानं गेली. मी जगले.