वरून दिसणारा तलाव

गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकवतात. शिकणाऱ्यांची ती लहान विमानं दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवरून घरघरत जातात, आणि गावात आता कोणी मान वर करून बघतही नाही. माझे बाबा बघायचे. रोवणीच्या चिखलात, हातात पऱ्ह्यांच्या कोवळ्या रोपांची पेंढी घेऊन, विमान दिसेनासं होईपर्यंत ते उभे राहायचे आणि रोवणाऱ्या बाया त्यांना हसायच्या. त्यांना विमानात बसायची हौस नव्हती. हवं होतं ते एकच, आणि लेकीला 'माय' म्हणत ते मला लहानपणापासून विचारत आले होते.

"माय, वरून आपला तलाव कसा दिसत असंल वो?"

तलाव आमच्या घराण्यानं खोदलेला. कोणत्या पणजोबानं, ते कुणालाच सांगता येत नाही, पण त्याची पाळ, तो मातीचा बांध, आपल्याच माणसांनी घातली हे बाबांना पक्कं ठाऊक. जन्मभर ते तिच्यावरून चालले, खचली तिथं माती टाकली, सांडव्यातलं गवत उपसलं. सगळी पाळ एकदम मात्र त्यांना कधीच दिसली नाही. मधे झाडं येतात, वळण येतं, आणि माणूस तर जमिनीवरच उभा.

मागच्या भादव्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकवायची. अंधार कडेकडेनं आत सरकत होता. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन बैलांना पाणी पाजलं. मला मात्र तेव्हापासून चैन पडेना. तलाव त्यांनी वरून बघायचाच, नजर जायच्या आधी.

मोबाइलवर नकाशा दाखवून झाला होता. एवढ्याशा काचेत तलाव त्यांच्या बोटाखालीच झाकून जायचा. "हे तं चित्र होय," ते म्हणाले, "यात उडनं कुठी आहे?" उडणं माझ्याकडे होतं. मी शाळेत शिकवते, पण माझा खरा जीव गेममध्ये आहे, हे गावात कुणाला सांगायची सोय नाही. उपग्रहाच्या फोटोंवरून खरी जमीन दाखवणारा विमानाचा एक गेम मला माहीत होता. अडचण कॉम्प्युटरची होती. कॉलेजात असताना बाबांनी घेऊन दिलेला तो जुना डेस्कटॉप शाळेचे पेपर टाइप करताना धापा टाकायचा, आणि नवा माझ्या पगारात बसत नव्हता.

गोंदियाच्या दुकानदारानं कॅबिनेट उघडलं आणि हात जोडले. "मॅडम, इसको अब आराम करने दो." मी हटले नाही. रॅम वाढवली, एसएसडी टाकली, बिजली नीट पुरवणारा डबा नवा घेतला आणि कुणीतरी विकलेलं जुनं ग्राफिक कार्ड घासाघीस करून मिळवलं. स्क्रीन मोठा हवा, म्हणून घरचा टीव्हीच जोडला. आईच्या मालिका बुडाल्या आणि तिनं मला आठवडाभर भाजी कमी वाढली.

"कार्ड गरम होगा," दुकानदारानं बजावलं होतं, "ठंडी जगह रखना." आमच्या घरात सगळ्यात थंड खोली धानाच्या ढोलीची. मातीच्या जाड भिंती, शेणानं सारवलेली बांबूची उंच कणगी, उन्हाळ्यातही गारवा. आईनंच ती जागा सुचवली आणि आम्हा सगळ्यांना पटली. दिवाळीच्या सुट्टीत मी रिकाम्या ढोलीला टेकून एकटीच उडत असे. खाली ढग, ढगांखाली नद्या, आणि धानाच्या जुन्या वासात बसलेली मी. तलावाकडे मात्र मी फिरकले नाही, तो बाबांसोबतच बघायचा होता. बाबांना हाक मारली की ते दारातून म्हणायचे, "धान घरात येऊ दे." धान ढोलीत पडेपर्यंत आमच्याकडे कर्ता माणूस निवांत बसत नाही. मीही त्याच घरची, थांबले.

धान आलं. मळणी झाली, पोती ढोलीत रिकामी झाली आणि अंगाला खाजणारी बारीक धूळ खोलीभर पिवळी तरंगत राहिली. कॉम्प्युटर झाकून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. त्याच्या पंख्यांनी ती सगळी धूळ आत ओढली. दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून खुर्चीवर बसले, मी बटण दाबलं आणि जळका वास आला. दुकानदारानं कॅबिनेटमधून मूठभर तूस काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, आपने तो इसमें धान बो दिया." मला हसू आलं नाही. कार्ड गेलं होतं. तसंच दुसरं स्वस्तात मिळेपर्यंत संक्रांत उलटून गेली.

शेवटी माघातल्या एका दुपारी, या वेळी ओसरीवर, आम्ही बिरसीच्या धावपट्टीवरून उडालो. बाबा शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. गेमला आमच्याकडची गावं ठाऊक नाहीत, त्यानं जागोजागी परदेशी घरं उभी केली होती. मी ते सांगितलं तेव्हा बाबा खूप हसले. बांध्या सरकत गेल्या, मग शाळा, मग मोहाची झाडं.

"आला, बाबा! समोर बघा!"

तलाव कोरडा होता. फोटो भर उन्हाळ्यात काढलेला असणार. तपकिरी तळ, त्यातून गेलेली बैलगाडीची चाकोरी. मी गेमवर चिडून काही बोलणार, तोच बाबा म्हणाले,

"वा! का भरला आहे वो! पानी पाळीले टेकून राह्यलं."

मी त्यांच्याकडे वळले. त्यांचा चेहरा स्क्रीनच्या जरा डावीकडे, कोऱ्या भिंतीकडे होता. त्यांना काहीच दिसत नव्हतं. घर पाठ असल्यामुळे ते इतके दिवस सरळ चालत होते आणि आम्ही फसत होतो. हो म्हणून टाकावं असं वाटलं, पण जिभेवर खोटं येईना.

"बाबा, कोरडा आहे."

त्यांचा हात खांद्यावरच राहिला.

"बाबा, दिसत नाही हे सांगितलं काऊन नाही?"

"तू त्या डब्यासाठी एवढी धावून राह्यली होती, माय. कोन्या तोंडानं सांगू?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. विमान आपलं आपण पुढं चाललं होतं.

"कोरडा आहे तं बेस झालं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "भरल्या तलावात का दिसते? पानी. मले पाळ सांग."

मी विमान वळवून परत आणलं आणि खाली घेतलं.

"सरळ नाही बाबा. मधे वाकली आहे, कोपरासारखी."

बाबांनी उजवा हात पुढं करून कोपरात वाकवला. "अशी?"

मी तो धरून अजून थोडा आत वळवला.

"एवढी," मी म्हणाले. बाबांनी दुसरा हात त्याच्यावरून खांद्यापासून बोटांपर्यंत हळूहळू फिरवला, आणि मग परत फिरवला.