दादाचं डावं कानशील

मे महिन्यात दिल्लीला कोण जातं? ऑफिसात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण दादाला, माझ्या मोठ्या भावाला, आठ महिने नुसतं फोनवर बघत होते. तो फौजेत हवालदार आहे, राहतो दिल्लीच्या छावणीत. शिवाय माझा एक स्वार्थ होता. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी तांदळाच्या कोंड्यातली पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, घालून सीरम बनवते. उन्हानं अकाली सुरकुतणारी त्वचा त्यानं सावरावी, ही आमची आशा. वर्षानुवर्षं राजस्थानच्या उन्हात उभ्या राहिलेल्या दादाला हिवाळ्यात दोन बाटल्या पाठवल्या होत्या. फरक डोळ्यांनी बघायचा होता.

गाडी निजामुद्दीनला सोडते. रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका. शेजारच्या सराय काले खाँहून मेट्रोची पिंक लाइन थेट दिल्ली कँटला जाते. ओळखपत्र हाताशी ठेवा, गेटवर नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत.

दादा वर्दीतच घ्यायला आला. घरी पोचल्यावर त्यानं टोपी काढली. बॅरे टोपी उजवीकडे झुकवायची असते, त्यामुळे उजवं कपाळ अजून उजळ आणि डावी बाजू रापलेली. त्याच बाजूला, कानशिलावर, फोनवर कधी न दिसलेली वाटाण्याएवढी जखम होती.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. खपली धरते, परत सुटते."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"कशाला? तुझं औषध लावतोय ना. रोज दोन वेळा, बिल्कुल नागा नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी म्हणत होते दाखवू या. तर म्हणतात, बहिणीनं बनवलंय, गुण येणारच."

औषध नव्हतंच ते! पार्सलमध्ये सूचनांची चिठ्ठी घालायचा कंटाळा मीच केला होता. घरच्या माणसाला कसल्या सूचना, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इस्पितळ गाठलं. डॉक्टर मॅडमनी भिंगातून पाहिलं. "क्रीम-वीम झुर्रियों के लिए ठीक है. इतने महीने का घाव उससे नहीं भरता. पहले क्यों नहीं आए?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "आलस कर गया, मॅडम."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. त्यापेक्षा घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

तपासणीसाठी तुकडा काढला. मी रजा वाढवली. वहिनीनं मला सरोजिनी नगरला नेलं. ओढण्या स्वस्त आणि छान मिळतात, पण सकाळी लवकर जा. छोले-कुलचे पुढ्यात आले, मी माझी प्लेट वहिनीकडे सरकवली.

रिपोर्टमध्ये त्वचेचा कर्करोगच निघाला. सावकाश वाढणारा, मुळासकट काढता येणारा. काढला. मी निघाले तेव्हा दादा पट्टीवर हात ठेवून फाटकापर्यंत सोडायला आला.

आता पुण्यात आहे. लोक विचारतात, दिल्लीत काय पाहिलंस? सांगण्यासारखं काहीच पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "टाके निघाले. वण दिसतो जरा."

"टोपी त्या बाजूला ओढून घे ना."

"टोपी उजवीकडेच झुकते गं. आणि हो, बाटली संपलीय, दुसरी पाठव. वण सोडून बाकीकडे लाव म्हणाल्यात मॅडम."

एवढं सगळं होऊनही! मी बाटली पाठवली, आत माझ्या हातची चिठ्ठी घालून: न भरणाऱ्या जखमेवर हे लावायचं नाही, आधी डॉक्टर. पार्सल पोचल्यावर ती त्याच्याकडून फोनवर मोठ्यानं वाचून घेतली. दोनदा.