कापडवाल्याचा जावई आणि दोन इंजिनं

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी श्रीरामपुरात आमच्या मंडळाने गणपतीपुढे आगगाडीची आरास केली होती. खेळण्यातली दोन इंजिनं मी स्वतः मुंबईहून आणली होती. एकाच गोल रुळावर दोन्ही सोडली, की चपळ इंजिन मागून येऊन संथ इंजिनावर आदळायचं. शेवटी एकच ठेवलं.

आणि समोरच्या गल्लीत, कापडवाल्याचा जावई एकाच रुळावर दोन गाड्या खुशाल पळवत होता! राहात्याकडचा गडी, सणाला सासुरवाडीला आलेला. नाव मी मुद्दामच विचारलं नाही. तोंडात पान, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि तसाच जमिनीवर पालथा पडायचा. एक इंजिन सोडून आरतीचं कडवं पुटपुटायचा. कडवं संपेल तिथे रुळाशेजारी कुंकवाचा ठिपका. मग दुसरं इंजिन, तेच कडवं. जे पुढे जाईल त्याच्या डब्यात वजनाला सुपाऱ्या टाकत राहायचा, दोन्ही ठिपके एका जागी येईपर्यंत.

आमची आरास ओस पडली. माझी बायकोसुद्धा त्याच्याकडे दोनदा जाऊन आली.

मी रोज तिथे गर्दीत मागे उभा राहायचो. वळणावर गाड्या जवळ येताहेत असं वाटलं, की जीव सुखावायचा. पण अंतर तसूभर घटत नव्हतं. एकदा मान वर न करताच तो म्हणाला, "भाऊ, आज बी न्हाई धडकायच्या. उद्या या."

तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं मी घरी ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. सगळे उभे होते, आणि वळणासमोर एकच खुर्ची रिकामी मांडलेली होती.

"बसा," तो म्हणाला.

मी बसलो.