युसूफभाईच्या डिकीतला रॅक

युसूफभाई गेला ती बातमी द्यायला कुणाला यावं लागलं नाही. अक्कलकुव्यात आमच्या दोन घरांत भिंत एकच. सकाळी त्याच्या बायकोचा, झुबेदाभाभींचा आवाज ऐकला आणि मी अनवाणीच धावलो... पण दहा मिनिटांत सगळं संपलं होतं. पंधरा दिवसांनी भाभींनी पडद्याआडून व्हॅनची किल्ली पाठवली. डिकीत डोंगरातल्या लोकांचे, त्याने दुरुस्त केलेले सोलरचे दिवे होते. "ज्यानं त्याले दी टाका, गुरुजी," एवढंच म्हणाल्या.

सतरा दिवे, आणि एकावरही नाव नाही. चुकीच्या हातात गेला तर कुणाच्या तरी घरात अंधार, आणि बोल लागणार युसूफभाईला. त्याची सगळी भिस्त डिकीतल्या रॅकवर. मागची सीट काढून लोखंडी अँगल आणि जुन्या प्लायचा रॅक त्याने स्वतः बसवला होता. घाटात सामान घसरू नये म्हणून प्रत्येक खणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. आठवड्याला मोलगीचा बाजार गाठायचा, डिकी उघडायची, की झालं दुकान.

मी बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. मागे एकदा तो तापाने पडला असताना मी तो रॅक नीट लावून ठेवला. दिवे एका खणात, बॅटऱ्या दुसऱ्यात, वायरी तिसऱ्यात, वर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या. तो उठून आला, बघितलं आणि खोकला येईपर्यंत हसला. "गुरुजी, हाई शाळानं कपाट नई शे." मग अख्खी दुपार घालवून सगळं होतं तसं केलं. अरे, पण तू लावतोस तरी कसं? तर म्हणे, बाजाराला या, दिसेल. मी काही गेलो नाही, पण डोकं मात्र खात राहिलो. रंगावरून लावतो का? वजनावरून? खिडकीतून पाहून वहीत नकाशासुद्धा काढला, छडा लागला नाही. शिवाय दुरुस्तीला दिलेला माझा रेडिओ सगळ्यात आत, तळाच्या खणात वर्षभर पडून. विचारलं की एकच उत्तर, "तुम्ही तं घरनाच शेतस." घरचा म्हणून मीच थांबायचं, या एका गोष्टीवरून मी दोन दिवस अबोला धरला होता. आता त्याची लाज वाटते.

तर व्हॅन घेऊन मोलगीला गेलो. त्याच्या नेहमीच्या जागी लावली, डिकी उघडली. वही-पेन घेऊन बसलो होतो, नाव-गाव विचारून खात्री करायला. कुणी विचारूच दिलं नाही. एक म्हातारी आली, दाराजवळच्या वरच्या खणात सरळ हात घातला आणि आपला दिवा काढला. मी म्हटलं, आजी, हा तुमचाच कशावरून? तिने माझ्याकडे पाहिलं, मी काही खुळ्यासारखं विचारलं असावं तसं. मोडक्या मराठीत म्हणाली, "हा आमच्या पाड्याचा खण. आम्ही लांबचे, आमचा पुढे. चालत जायचं ना." आणि मग युसूफ कुठे, म्हणून तिने गाडीच्या पुढे डोकावलं. मी सांगितलं... ती दिवा मांडीवर घेऊन तिथेच खाली बसली.

लांबचा पाडा दाराशी, जवळचा आत. ज्याला जास्त चालायचं त्याला आधी मोकळं करायचं. एवढं साधं होतं, आणि मी रंग शोधत बसलो होतो. दुपारपर्यंत सतराही दिवे गेले. एकानेही दुसऱ्याच्या खणाला हात लावला नाही.

रिकामा रॅक घेऊन घरी आलो तेव्हा तळाचा आतला खण तेवढा भरलेला होता. आमचं घर त्याच्या घराला लागून, म्हणून आमचा नंबर शेवटचा. रेडिओ उघडलेला, अर्धवट. सुटे स्क्रू काड्यापेटीत घालून वर रबर लावलेलं. माझ्यासाठी त्याच्याकडे भरपूर वेळ होता, असंच धरून चालला होता बिचारा... मीही तेच धरून चाललो होतो. भाभी म्हणतात, रेडिओ घेऊन जा. मी तो तिथेच ठेवला आहे.