आप्पांच्या भिंतीवरची दुतोंडी वायर

सोपानआप्पांना मी प्रथम भेटलो ते यवतच्या त्यांच्या दुकानात. कुरकुंभच्या कारखान्यात सात वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून शिफ्ट करून मी नुकताच बाहेर पडलो होतो, आणि घरगुती काम म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, अशा तोऱ्यात होतो. आप्पांनी माझी सर्टिफिकेटं पाहिली नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बोर्डाची लाइट गेली. गच्चीवर सोलर, दारात जनरेटर. आधी काय बघशील?"

"लोड," मी म्हणालो.

"न्हाई. खांबावर कोण हाय ते."

हे उत्तर मला तेव्हा कळलं नाही आणि पटलंही नाही. तरीही आप्पांनी मला ठेवून घेतलं.

आप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कामाविषयी इतर सहकारी सविस्तर लिहितीलच. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कितीतरी घरांत त्यांनी सोलर, जनरेटर आणि बोर्डाची वीज एकत्र नांदवली. यातली मेख मी थोडक्यात सांगतो. लाइट गेली की साधं सोलर आपोआप बंद पडतं, आणि ते पडायलाच हवं, कारण घरची वीज उलटी बाहेरच्या तारेत शिरली तर तारेवर काम करणाऱ्याचा जीव जाईल. जनरेटरला ही अक्कल नसते. म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच बसवायचा. खटका एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एका वेळी जोडलेच जात नाहीत. ही तीन नावं आप्पा प्रत्येक स्विचवर स्वतःच्या हाताने, लाल रंगाने लिहितात.

शिरूरकडचे एक बागायतदार एकदा तावातावाने दुकानात आले. "आप्पा, ऊन डोक्यावर आन् पंखा बंद! ह्ये कसलं सोलर?" आप्पांनी त्यांना बाहेर नेऊन खांब दाखवला. म्हणाले, "तुमचा पंखा घटकाभर ऱ्हाऊ द्या बंद. वर चढल्याला माणूस घरी जाऊ द्या." बागायतदार चहा पिऊन गेले आणि पुढे त्यांनीच आम्हाला चार गिऱ्हाइकं आणून दिली.

स्विच बसवला की आप्पा तो घरातल्या बाईंकडून तीनदा फिरवून घेतात. "वहिनी, तुम्हीच करा. मालक शिफ्टला असत्यात. लाइट काय त्यास्नी इचारून जाती व्हय?" वहिनी हसतात, पण शिकतात.

दुकानात गेलेल्या प्रत्येकाने भिंतीवर टांगलेली एक वायर पाहिली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पिना आहेत. एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खुपसलं की सगळं घर चालू होतं, आणि मेन स्विच वर असेल तर वीज बाहेरच्या तारेतही जाते. नव्या माणसाला आप्पा पहिल्याच दिवशी ती दाखवतात. कुणाची, असं विचारलं की म्हणतात, "ज्यानं केली त्याला ठावं हाय." आम्हा शिष्यमंडळींत यावर पैजा लागल्या आहेत. मीही एक लावली होती, दुसऱ्याच्या नावावर.

ती वायर माझी आहे.

खुटबावला एका घरी साखरपुडा होता. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने तार तुटली होती, दुपारी पाहुणे यायचे होते आणि आप्पा चेंजओव्हर घेऊन मागून येणार होते. यजमानांचा जीव वरखाली होत होता, आणि मला थांबणं कमीपणाचं वाटलं. मी मेन स्विच खाली ओढला, ती वायर तयार केली, जनरेटर लावला. पंखे फिरले, मांडवात माझी वाहवा झाली. मग घरातल्याच कुणीतरी लाइट आली का ते बघायला मेन वर केला आणि तसाच ठेवला. मला त्याचा पत्ताही नव्हता.

आप्पा स्कूटरवरून वळणावर आले. गावात लाइट नव्हती, शेजाऱ्यांकडे जनरेटर नव्हता, आणि तरी शेजारच्या ओट्यावर दिवा जळत होता. पुढच्या खांबाला शिडी लावून लाइनमन महादूभाऊ अर्ध्यावर चढले होते. डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे फ्यूज त्यांनी काढले होते, त्यामुळे तार बंद आहे असंच ते धरून चालले होते.

"महादू, तारेला शिवू नको! उतर खाली!"

आप्पांचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मी धावत जाऊन जनरेटर बंद केला. शेजारचा दिवा विझला. पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे कळलं.

महादूभाऊ खाली उतरून ओरडले, "कुणी केलं ह्ये?"

"काम माझं हाय. चूक बी माझीच," आप्पा म्हणाले. मग त्यांनी चेंजओव्हर माझ्या हातात दिला. "हात थरथरायचं थांबलं की बसीव." त्यापलीकडे त्यांनी मला आजवर एक शब्दही ऐकवलेला नाही. वायर मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागली.

हा लेख लिहायला घेताना मी आप्पांची परवानगी मागितली. "लिही," ते म्हणाले, "पर आधी महादूला जाऊन सांग. छापल्याव त्याला कळाय नगं."

महादूभाऊ आता निवृत्त आहेत. दर बाजाराच्या दिवशी ते दुकानात येतात आणि नेमके त्या वायरीखालीच बसतात. मी सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "इतकी वर्सं झाली, मी आलो की चहा आणाया तूच उठतूस. दुसरं कोण उठतंय?"

माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आप्पांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांचे गुडघे त्यांना अजून पुष्कळ गच्च्यांवर नेवोत. या प्रसंगी त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. त्या वायरीखाली त्यांनी त्याच लाल रंगाने माझं नाव लिहावं, म्हणजे नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारावं लागणार नाही. रंगाचा डबा आणि ब्रश मी घेऊन येतो.