हवालदाराचं रिव्हॉल्व्हर आणि किसन आबा

किसन आबांची आणि माझी ओळख साबणाच्या वडीवरून झाली. लोणावळ्याच्या बाजारपेठेत, चिक्कीच्या दोन दुकानांच्या मध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी थाटलेला, आता मी चालवते. एका सकाळी पांढऱ्या मिशांचे, ताठ पाठीचे एक म्हातारे गृहस्थ कुणा बंगलेवाल्याबरोबर आत आले आणि आल्या आल्या म्हणाले, "ताई, हात धुयाला साबन मिळंल का?" मागच्या मोरीत त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याने कोरडे केले आणि मगच बंगलेवाल्याच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. "घामानं लोखंड सडतं," मला म्हणाले. "आपन घरी जातो, आपली बोटं तितंच गंजत ऱ्हात्यात."

नळी जमिनीकडे धरून त्यांनी ते उघडलं. "रिकामंच आहे हो," बंगलेवाले म्हणाले.

"मालक रिकामं हाय म्हनला, की मी दोनदा बघतो." आणि खरंच दोनदा पाहिलं.

आबा मूळचे बेडशाचे. सैन्यात आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर. निवृत्तीनंतर लोणावळ्यात एका खोलीत शिलाई मशिनी, कुलपं, स्टोव्ह असं काहीही दुरुस्त करत बसायचे. खोलीत एक टेबल, एक भिंग आणि भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. पण कुणाकडे वाडवडिलांचं परवान्यावरचं जुनं हत्यार असलं, की ते खरं का बनावट आणि त्याची किंमत काय, हे विचारायला लोक आबांनाच शोधत यायचे. हत्यारावरच्या बारीक खुणांचे फोटो मोठे करून घ्यायला आबा माझ्याकडे यायचे.

बंगलेवाल्यांचं रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धातलं, एका मेजरचं, असं त्यांना विकणाऱ्याने सांगितलं होतं. आबांनी ते चहाचे दोन कप होईपर्यंत उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, ही पोरगी जवान हाय. म्हातारीचं सोंग घेतलंय." बंगलेवाले चिडले. आबा शांतपणे दाखवू लागले. "खरं जुनं हत्यार हात लागतो तितंच झिजतं. मुठीला, चापाला, कातड्याच्या म्यानात घासतं त्या कडंला. हे बघा, सगळीकडं सारखंच झिजलंय. कानशीनं घासलंय कुनीतरी." जुनं म्हणून लिहून द्या, हवं ते मागा, असं बंगलेवाले जाताजाता म्हणाले. आबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "ताई, तुमच्या लाइटीचे पैशे घ्या यांच्याकडून. बाकी काय न्हाई."

चंद्राबाईंचं प्रकरण त्यानंतरचं. चंद्राबाई कार्ल्याच्या, घरची भातशेती. त्यांचे सासरे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले हवालदार. त्यांच्या साहेबाने मायदेशी जाताना दिलेलं एक रिव्हॉल्व्हर घरात रीतसर परवान्यावर होतं. सासऱ्यांमागे ते नवऱ्याकडे आलं. नवरा वारला तेव्हा चंद्राबाईंनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं आणि परवाना मुलीच्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केला. तपासणीत निघालं भलतंच. परवान्यावरचा नंबर एक, हत्यारावरचा दुसरा.

त्याचा अर्थ लोकांनी लगेच लावला. नवऱ्याने खरं रिव्हॉल्व्हर कुणाला तरी विकलं आणि त्या जागी दुसरं आणून ठेवलं. ज्याला उत्तर देता आलं असतं तो माणूस तर गेलेला. चंद्राबाई बाजारात निघाल्या की बायका बोलायच्या थांबत. फौजदार भला माणूस होता. गुन्हा नोंदवण्याआधी जाणकाराला दाखवू या, असं त्याने ठरवलं आणि आबांना बोलावणं धाडलं. आबांनी मला कॅमेऱ्यासकट बरोबर घेतलं.

ठाण्यातल्या टेबलावर ते पडलं होतं, काळंकुट्ट, डांबरात बुडवून काढल्यासारखं. आबांनी आधी वास घेतला. "हा तेलरंग हाय. दारं-खिडक्यांना देत्यात तो."

कोपऱ्यात उभ्या चंद्राबाई दचकल्या. "व्हय आबा. मालक दर दसऱ्याला पुजेआदी रंग द्यायचे. गंजू नये म्हनून."

"किती वर्सं?"

"माझं लगीन झाल्यापासनं."

आबा खळखळून हसले. फौजदारालाही हसू आवरेना. "साहेब, हा नंबर कुटं वाचला तुमी?" फौजदाराने गोळ्या ठेवायच्या फिरत्या चक्राकडे बोट दाखवलं. तिथे रंग घासून गेला होता. "चक्र बदलता येतं. खरा नंबर अंगावर असतो, चापाच्या वर. तो या रंगाखाली हाय."

ना कानस, ना पॉलिशचा कागद. रॉकेलमध्ये बुडवलेला कापूस घेऊन आबा बसले. एक थर निघाला की पुसायचं, थांबायचं, पुन्हा लावायचं. दुपार सरली. मी दिवा एका बाजूने, अगदी आडवा धरला, आणि उथळ आकड्यांच्या सावल्या उमटू लागल्या. फौजदार परवान्यावरचा एकेक आकडा वाचत गेला, आबा बोट न लावता एकेक दाखवत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा चंद्राबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "इतकी वर्सं मी वरडत हुते," मधेच म्हणाल्या, "रंग कशाला वाया घालवताय म्हनून."

फौजदाराने अभिप्राय लिहून घेतला. आबांच्या नावापुढे 'तज्ज्ञ' असं लिहिलं. "तज्ज्ञ न्हाई साहेब," आबा म्हणाले. "ज्याच्यापाशी बघायला येळ हाय, असा मानूस." पण तो शब्द खोडायला मात्र सांगितलं नाही. खाली सही केली.

हत्यार मुलीच्या नावावर झालं. पुण्याच्या एका परवानाधारक संग्राहकाने ते मागितलं, तेव्हा चंद्राबाईंनी आबांना किंमत विचारली. "अंग अस्सल हाय. पन चक्र या अंगाचं न्हाई, कुनीतरी मागनं बसवलंय. शौकीन लोक निम्मीच किंमत धरतील," आबांनी सांगितलं. चंद्राबाई तेवढ्यावर तयार झाल्या.

मधल्या काळात आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवा जवळ आणा, अजून जवळ आणा, असं ते ठाण्यात सारखं का म्हणत होते, ते मला तेव्हा उमगलं. पट्टी निघाल्यावर ते स्टुडिओत आले आणि नव्या डोळ्यांची मजा म्हणून जुने फोटो पाहत बसले. चंद्राबाईंच्या रिव्हॉल्व्हरच्या एका फोटोवर थांबले. चक्राच्या मागच्या कडेवर मला कायम ओरखडाच वाटलेली एक रेघ होती. आबांनी ती भिंगाखाली धरली. "ताई, हा ओरखडा न्हाई. पलटनीच्या दुरुस्ती कारखान्याचा ठसा हाय, आनि लढाईच्या सालाचे दोन आकडे. चक्र लढाईतच बदललंय. मी चुकलो."

"फोन करू का त्यांना?"

"चूक फोनवर सांगत्यात व्हय? चला."

एस.टी.ने आम्ही कार्ल्याला गेलो. आबांनी ओटीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, की चूक त्यांची आहे, चक्र पलटणीनेच बसवलेलं, म्हणून तेही अस्सलच आहे आणि निम्मी किंमत घेऊ नका. चंद्राबाई किमतीचं काही बोलल्याच नाहीत.

"मामंजी सांगायचे," त्या हळूच म्हणाल्या, "सायबाच्या कमरंला गोळी लागली ती ह्याच्या चक्रावर, ते फुटलं. सायेब पडला. मामंजींनी त्येला पाठीवर घिऊन आनला, म्हनून त्यानं जाताना हे दिलं. गाव हसायचं. बूट पुसल्याचं बक्षीस म्हनायचं. आबा, तुमी लिवून द्या की हे खरं हाय."

आबा म्हणाले, "वैनी, गोळी मी बघितली न्हाई. चक्र लढाईत बदललं, पलटनीनं बदललं, येवढं मला दिसतं. तेवढंच लिवीन."

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "पन खोटं हाय, असं कुटं दिसतंय का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "असं मातर कुटंच दिसत न्हाई."

एवढं त्यांना पुरलं. त्या उठल्या, मुलीला म्हणाल्या, "त्या पुन्यावाल्याला सांग, द्यायचं न्हाई आमाला," आणि कुंपणापलीकडे हाक मारून शेजारणीला बोलावून घेतलं. आबांना तेच सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी सुधारलेला अभिप्राय मला तोंडी सांगितला, मी टाइप केला. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या आधीच्या सांगण्यात चूक झाली होती.' मी म्हटलं, "आबा, ही ओळ शेवटी घालू या का?"

"न्हाई, पैलीच ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "मानसं शेवटपत्तुर वाचत न्हाईत."